जुन्या जीपची ओढ कमी झाली तर : इंजिन खोलण्यापूर्वी काय पाहावे

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पिकाचा नाही, पिकाला बाजार दाखवणाऱ्या गाडीचा आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, कांदा ओतूर, आळेफाटा आणि मंचरला जातो. शेतातून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट कच्ची, कालव्याच्या कडेची, पावसाळ्यात चिखलाची. या वाटेवर आजही अनेकांची भिस्त जुन्या डिझेल जीपवर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेली, किलोमीटरचा काटा कधीच बंद पडलेली, पण घरातल्या माणसासारखी झालेली अशी ही गाडी असते. एक दिवस ती चढाला दम टाकते. तिसऱ्या गिअरमध्ये चढणारा चढ दुसऱ्यात, मग पहिल्यात चढू लागतो. मग कोणीतरी सांगतो, "पिस्टन-रिंगा गेल्या, इंजिनकाम करा."

माझ्या माहितीतील एका बागायतदाराची गोष्ट सांगतो. त्यांची जीप सकाळी झटक्यात सुरू व्हायची. पाच-सहा किलोमीटर गेले की ओढ कमी व्हायची आणि गाडी बंद पडायची. दहा मिनिटे थांबले की पुन्हा चांगली चालायची. त्यांनी उसनवारी करून इंजिनकाम करून घेतले. नव्या रिंगा, नवे लायनर बसले. पहिल्याच फेरीला टोमॅटोचे क्रेट भरून निघाले आणि गाडी त्याच ठिकाणी थांबली. लिलाव हुकला, माल पडत्या भावाने द्यावा लागला. दोष निघाला डिझेलच्या टाकीच्या झाकणात. मूळ झाकण हरवले होते, त्याऐवजी हवेचे छिद्र नसलेले दुसरे झाकण बसवले होते. डिझेल जसजसे खर्च होई तसतशी टाकीत पोकळी तयार होई आणि पंपाला डिझेल ओढता येत नसे. गाडी उभी राहिली की कुठून तरी हळूहळू हवा आत शिरे आणि गाडी पुन्हा चाले.

बैल ओढत नाही म्हणून आपण लगेच बैल बदलत नाही. आधी आखाला वंगण आहे का, जू नीट बसले आहे का, खुराला दगड लागला आहे का, ते पाहतो. गाडीचेही तसेच आहे. बिनखर्चाचे आधी, कमी खर्चाचे नंतर आणि इंजिन खोलणे सर्वांत शेवटी. आज मला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. तिचा क्रम आता पाहू.

१. दोष खरोखर आहे का?

प्रथम ओझे मोजावे. टोमॅटोचा एक क्रेट साधारण २० किलोचा धरला तर ५० क्रेट म्हणजे १ टन झाला. त्यावर चार माणसे बसली तर गाडीला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट उंचीची. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. वर जावे तशी हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्का कमी होते. त्यामुळे कल्याणला चपळ वाटणारी गाडी माळशेज घाट चढून आल्यावर थोडी मंद वाटणारच. मोठ्या मापाचे टायर घातल्यानेही ओढ कमी वाटते, कारण चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि तेवढा भार इंजिनावर येतो. हे सर्व सोडून, पूर्वी त्याच ओझ्याला आणि त्याच चढाला पुरणारी ताकद आता पुरत नसेल, तर तो दोष समजावा.

२. इंजिन कमजोर आहे की गाडी अडते आहे?

सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून दोघांनी ढकलून पाहावी. सहज सरकली पाहिजे. आठ-दहा किलोमीटर चालवल्यावर प्रत्येक ब्रेक ड्रमजवळ तळहात न्यावा. हात ड्रमला टेकवू नये. एखादा ड्रम इतरांपेक्षा फार तापलेला असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरून आहे. चिखल-पाण्यात फिरणाऱ्या गाडीत चाकाचा ब्रेक सिलिंडर आणि हँडब्रेकची केबल गंजून अडकते. इंजिनाची अर्धी ताकद ब्रेकशी झुंजण्यात जाते आणि उतारावर तोच तापलेला ब्रेक दगा देतो. म्हणून हे काम उद्यावर टाकू नये.

फोर-व्हीलचा दांडा चिखलातून बाहेर आल्यावर काढला आहे का, हेही पाहावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून गाडी चालवल्यास पुढची आणि मागची चाके एकमेकांना अडवतात. टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी जड होते.

क्लचची परीक्षा सोपी आहे. चढावर ॲक्सिलेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, शिवाय जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. इंजिन निर्दोष आहे.

३. ॲक्सिलेटर पूर्ण पोहोचतो का?

इंजिन बंद ठेवून एकाने ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबावा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपावरील लिव्हर पाहावा. लिव्हर शेवटच्या बोल्टला टेकला पाहिजे. केबल ताणली गेली असेल, जोड झिजले असतील किंवा पायाखाली जाड चटई अडत असेल, तर इंजिनाला पूर्ण डिझेल मिळतच नाही. या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

४. धूर काय सांगतो?

ओझ्यासह चढ चढताना मागच्या माणसाला धुराचा रंग पाहायला सांगावे.

काळा धूर : हवा कमी पडते, किंवा डिझेल जास्त जाते, किंवा नोझल नीट फवारत नाही.
पांढरा धूर : डिझेल न जळता बाहेर येते. थंडीत सुरुवातीला थोडा येणे साहजिक आहे. गरम इंजिनातही येत राहिला तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन तपासावे. सोबत रेडिएटरमधले पाणी घटत असेल तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड झाल्याशिवाय उघडू नये.
निळसर धूर : इंजिन ऑइल जळते आहे.
धूर नाही आणि ओढही नाही : इंजिनापर्यंत डिझेल पुरेसे पोहोचत नाही. अशा गाडीच्या रिंगांवर पैसा घालू नये. टाकीपासून पंपापर्यंतचा मार्ग तपासावा.

५. हवेचा मार्ग

आपल्या भागात पूर्वेचे आणि पश्चिमेचे दोष वेगळे असतात. बेल्हे, आणे या पूर्व पट्ट्यात उन्हाळाभर फुफाटा उडतो. तिथे प्रथम एअर क्लीनर पाहावा. जुन्या जीपमध्ये तो बहुधा ऑइल बाथचा असतो. वाटीतील ऑइल घट्ट झाले असेल, तळाला गाळ बसला असेल, तर वाटी आणि जाळी डिझेलने धुऊन, निथळून, खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला पाहावे. खुणेच्या वर ऑइल भरू नये. जादा ऑइल इंजिनात ओढले गेले तर इंजिन त्या ऑइलवरच सुसाट धावू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज चिरलेला नाही, क्लिपा घट्ट आहेत, हेही पाहावे. चिरेतून आत गेलेली धूळ लायनर आणि रिंगा घासून टाकते.

हवा आत जाते तशी बाहेरही पडली पाहिजे. दगडावर आपटून चेपलेला सायलेन्सरचा पाइप, काजळीने भरलेला सायलेन्सर किंवा आत बसलेला चिखल इंजिनाचा श्वास कोंडतो.

६. डिझेलचा मार्ग

डिंभ्याच्या पलीकडे, आहुपे, भीमाशंकर या पश्चिम पट्ट्यात पावसाचा जोर मोठा. तिथे डिझेलमध्ये पाणी जाण्याचा धोका जास्त. उघड्यावर ठेवलेल्या कॅनमधून पाणी जाते. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने ओल धरते तीही डिझेलमध्ये उतरते. म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असल्यास तळाशी वेगळे दिसते.

पुढे या क्रमाने जावे :

अ) ओढ कमी होताच, गाडी सुरक्षित जागी थांबवून टाकीचे झाकण उघडावे. "फुस्स" असा हवा आत शिरण्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर झाकणाचे छिद्र बंद आहे.
आ) टाकीतील जाळी आणि फीड पंपाची जाळी स्वच्छ करावी. जुन्या टाकीच्या गंजाचे कण तिथे अडकतात.
इ) डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा. धुऊन पुन्हा वापरू नये.
ई) पाइपच्या जोडांवर ओल दिसते का, ते पाहावे. जिथून डिझेल बाहेर झिरपते, तिथून हवाही आत ओढली जाते. जोडाचे तांब्याचे वॉशर स्वस्त असतात, प्रत्येक वेळी नवे घालावेत.
उ) एअर धरली असल्यास फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. मग पंपावरील स्क्रूपाशी हेच करावे.

यानंतरही इंजिन एका पायावर लंगडल्यासारखे चालत असेल, तर जाणकार मेस्त्रीकडून एकेका नोझलच्या पाइपचा नट क्षणभर सैल करून पाहावा. नट सैल करताच इंजिनाचा ठोका बदलला तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे. नोझलमधून डिझेल १०० किलोपेक्षा जास्त दाबाने सुटते. ती धार कातडी भेदून आत जाते. म्हणून तिच्यापुढे हात कधीही धरू नये.

महत्त्वाची सूचना : ही परीक्षा फक्त जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनासाठी आहे. अलीकडच्या कॉमन रेल पिकअपमध्ये दाब याच्या कितीतरी पट असतो. त्या गाडीचा एकही पाइप घरी सैल करू नये.

७. टॅपेट, नोझल आणि पंप

इथपर्यंत दोष सापडला नाही तर टॅपेटचे अंतर गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावून घ्यावे. नोझल आणि पंप परीक्षणाच्या यंत्रावर तपासून घ्यावेत. अनेक जीपगाड्यांवर "मायको" नाव असलेला पंप दिसतो. ही कंपनी २००८ पासून बॉश नावाने ओळखली जाते. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून देणारे भेटतात. दोन दिवस गाडी पळते. पुढे काळा धूर येतो, न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते, पिस्टन तापतात आणि खरेच इंजिनकाम निघते. हा मोह टाळावा.

८. इंजिनकाम केव्हा?

गरम इंजिन मंद चालवून ऑइल भरण्याचे टोपण सैल ठेवून पाहावे. तिथून धुराचे जोरदार भपकारे येत असतील, ऑइल वरचेवर भरावे लागत असेल, निळा धूर येत असेल आणि थंडीत सकाळी गाडी सुरू होत नसेल, तर कॉम्प्रेशन गेले असण्याची शक्यता मोठी. तरीही डिझेलसाठी असलेल्या गेजने प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून, आकडे कागदावर लिहून घ्यावेत. आकडा दाखवल्याशिवाय इंजिन खोलायला संमती देऊ नये. मेस्त्रीवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. चांगला मेस्त्री आकडा स्वतःच दाखवतो.

घाटातील दक्षता

चढावर ओढ संपू लागली तर गाडी पूर्ण दमण्याआधीच खालचा गिअर टाकावा. थांबावे लागल्यास हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावावा, मगच उतरावे. दगड गाडीतच ठेवावा. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये आणि इंजिन बंद करू नये. ब्रेकला बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद पडले की दोन-चार दाबांनंतर पेडल दगडासारखे कडक होते. ब्रेकविषयी शंका असलेली गाडी माल घेऊन घाटात नेऊ नये. लिलाव उद्याही असतो.

एक वही ठेवा

शेवटी एक सूचना. आपल्या गावाजवळचा एक ठरावीक चढ निवडा. महिन्यातून एकदा, सारख्याच ओझ्याने तो चढा. कोणत्या गिअरमध्ये चढली, धूर कसा होता, एका टाकीत किती किलोमीटर झाले, ऑइल किती भरले, फिल्टर केव्हा बदलला, हे तारखेसह वहीत लिहा. घरातील शिकणाऱ्या मुला-मुलींकडे ही वही सोपवा. ओढ एका दिवसात गेली की महिनोन्महिने कमी होत गेली, हे वही सांगेल. एका दिवसात गेली तर बहुधा झाकण, जाळी, फिल्टर, केबल. हळूहळू गेली तर झीज. वही असली की मेस्त्रीचेही निम्मे काम हलके होते.

बंधूंनो, इंजिनकामाचा पैसा हा ठिबकचा, बियाण्याचा, मुलांच्या शिक्षणाचा पैसा असतो. तो खर्च करायचाच असेल तर खात्री करून करावा. त्याआधी गाडी ढकलून पाहा, ॲक्सिलेटर दाबून पाहा, धूर पाहा आणि टाकीचे झाकण उघडून पाहा.