निसर्गशिक्षण : मुलींसाठी एक व्यवसाय
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मुलींच्या व्यवसायाचा विषय निघाला की शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर, इंजिनियर ही नावे आपल्या ओठांवर येतात. त्यांच्या पंगतीत मला आणखी एक पान मांडायचे आहे : मुलांना रानात, डोंगरावर नेऊन निसर्ग शिकवणारी शिक्षिका.

“म्हणजे सहली काढायच्या! त्याला कसले आले शिक्षण?” असे कोणी म्हणेल. तिचे काम जरा जवळून पाहू या. ती मुलांना देवराईत नेते, पाचोळ्याखाली हात घालायला लावते. माती गार, ओलसर लागते. मग शेजारच्या उघड्या माळावरची कोरडी माती हाती देते. झाडे पाणी कसे धरून ठेवतात, हे मुलांना तेथे चटकन उमजते. त्याच वेळी मुलांची डोकी मोजणे, कड्यावर आग्या मोहोळ आहे का ते पाहणे, वर पाऊस कोसळून ओढा फुगेल का याचा अंदाज घेणे, हेही तिचेच काम. माथा हाकेवर असताना “आज येथूनच मागे फिरायचे” असे सांगण्याचा करारीपणा तिला लागतो. हे सारे शिकल्यावाचून येत नाही.

ते शिकण्याची सोय आपल्या देशात आहे. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ची, उत्तरकाशीची १९६५ची. तेथील प्राथमिक वर्ग सुमारे महिनाभराचा असतो. पुढे प्रगत वर्ग आणि शिकवावे कसे याचाही वर्ग आहे. अहमदाबादचे पर्यावरण शिक्षण केंद्र १९८४ पासून काम करीत आले आहे. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बजावले. तेव्हा तो नीट शिकवणारी माणसे हवीतच.

बचेंद्री पाल एम.ए., बी.एड. झालेल्या. शाळेत शिकवण्याऐवजी गिर्यारोहण हाच व्यवसाय करायचे त्यांनी ठरवले, तेव्हा घरून विरोध झाला. २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. मला त्यांचे पुढचे काम अधिक मोलाचे वाटते. जमशेदपूरला टाटा स्टीलच्या साहस प्रतिष्ठानात त्यांनी अनेक वर्षे इतरांना डोंगरावर चालायला शिकवले.

आता पैशाचे बोलू. आरंभी बहुधा शिबिरापुरते मानधन मिळते; सुट्टीच्या दिवसांत काम भरपूर, मधले महिने रिकामे. म्हणून पदवी पुरी करावी, प्रथमोपचार शिकावा, जमल्यास बी.एड.ही करावे, म्हणजे शाळेचे दारही उघडे राहते.

“पण मुलीला रानात पाठवायचे कसे?” ही आईची काळजी खरी आहे. स्थळाची चौकशी करतो तशी शिबिराचीही करावी. किती मुलांमागे किती शिक्षक? बरोबर स्त्री शिक्षिका आहे ना? प्रथमोपचार कोणाला येतो? जवळचा दवाखाना कोठे? समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर खुशाल नाही म्हणावे. मिळाली, तर मात्र केवळ मुलगी म्हणून तिला अडवू नये.

मंडळाला माझी एक विनंती आहे. दरवर्षी निदान एका होतकरू मुलीच्या अशा शिक्षणाचा खर्च मंडळाने उचलावा, आणि परत आल्यावर तिने आपल्या मुलांना एक दिवस रानात न्यावे. या सूचनेचा आपण विचार कराल, अशी आशा आहे.