पत्त्यावरील शब्दाचा अर्थ कोणी लावावा?

(महोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून पत्त्यांविषयी बोलणार म्हटल्यावर काही वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. पण आमचा विषय जुगार नव्हे. मुले हल्ली चित्रांचे पत्ते जमवितात, आपसांत बदलतात आणि त्यांवर डाव मांडतात. मधल्या सुट्टीतील त्यांची भांडणे आम्हां शिक्षकांपुढे येतात, आणि पुष्कळदा भांडण पत्त्याचे नसते, पत्त्यावरील शब्दाचे असते.

नेहमीच्या बावन्न पत्त्यांत एक्क्यावर काही लिहिलेले नसते. नियम बाहेर असतात. या खेळांत मात्र पत्ता आपला नियम अंगावर घेऊनच येतो. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा या जातीचा प्रसिद्ध खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला आणि तो अमेरिकेत १९९३ साली निघाला. त्याचा एक मूळ नियम असा की, पत्ता आणि नियमपुस्तक यांत विरोध आला तर पत्ता खरा. तेव्हा पत्त्यावरील वाक्य सैल, तर खेळही सैल.

याच खेळातील एक गोष्ट ऐका. छपाईपूर्वी चाचणी चालू असता एका पत्त्यावर इंग्रजीत चार शब्द होते. मराठीत म्हणावयाचे तर, ‘प्रतिपक्षी पुढील डाव गमावतो.’ प्रतिपक्षाची एक पाळी जावी, एवढेच कर्त्याच्या मनात होते. एका खेळाडूने अर्थ लावला की, पुढच्या पाळीला प्रतिपक्षी खेळच हरतो! दोन्ही अर्थ त्या वाक्यात बसत होते. पुढे ‘टाइम वॉक’ या नावाने पत्ता छापला तेव्हा, खेळणाऱ्याने स्वतः आणखी एक पाळी घ्यावी, अशी वाक्यरचना केली. वादाचे मूळच नाहीसे झाले.

दुसरी अडचण पारिभाषिक शब्दांची. एखाद्या प्राण्याला प्रतिपक्षाच्या पत्त्याने ‘लक्ष्य’ करता येत नाही, असे लिहिलेले असते. मुलाला वाटते, आता याला मरण नाही. पण ‘सर्व प्राणी नष्ट करा’ असे सांगणारा पत्ता कोणा एकाला लक्ष्य करीतच नाही. म्हणून हाही प्राणी जातो. अर्थ व्यवहारातला घ्यावयाचा नाही, खेळाने ठरविलेला घ्यावयाचा.

‘यू-गि-ओह!’ या जपानी खेळाच्या इंग्रजी पत्त्यांवर २०११ पासून विरामचिन्हांनाही काम नेमून दिले. अपूर्णविरामाच्या आधी अट, अर्धविरामाच्या आधी द्यावयाची किंमत, आणि पुढे परिणाम. व्याकरणाच्या तासाला जांभया देणारी मुले तेथे अर्धविरामावर तावातावाने बोलतात, हे आम्ही पाहिले आहे!

आता मुख्य मुद्दा. आमच्या मुलांच्या हातातील हे पत्ते इंग्रजीत असतात. ज्याचे इंग्रजी बरे, त्याचा अर्थ खरा, अशी रीत पडते. दुसरा मुलगा आधी वाद घालतो, मग गप्प बसतो आणि शेवटी खेळावयास येईनासा होतो. तो पत्ता हरलेला नसतो. आपले म्हणणे कोणी ऐकेल हा विश्वास हरलेला असतो. हे नुकसान लहान नव्हे.

म्हणून आम्ही मुलांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, वाक्य मोठ्याने वाचा आणि त्याचा अर्थ मराठीत दोघांनी मिळून सांगा. ‘करू शकतो’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांतील फरक तेव्हाच कळतो. दुसरी, पत्ता समोरच्याच्या हातात असता तर हाच अर्थ लावला असता का, हे स्वतःला विचारा. तिसरी, अडले तर कर्त्यांनी प्रसिद्ध केलेला अधिकृत अर्थ पाहा किंवा तिऱ्हाइताला पंच नेमा. ‘मॅजिक’चे कर्ते जुन्या पत्त्यांचेही सुधारलेले शब्द प्रसिद्ध करतात, हातातील पत्ता कितीही जुना असो, शब्द नवे धरावयाचे. जुन्या छपाईचा मान राहतो आणि न्यायही होतो.

बंधुभगिनींनो, संस्थेची घटना, शिष्यवृत्तीचे नियम, घराची वाटणी, सर्वत्र शब्दच असतात आणि त्यांना दोन अर्थ फुटतातच. कोणाचा लाभ होणार हे कळण्यापूर्वी अर्थ ठरवावा, आणि ज्याला भाषा कमी येते त्यालाही तो ठरविताना बसवून घ्यावे. ही सवय खेळाच्या चटईवर लागली, तर उद्या याच सभागृहात बसणारे विश्वस्त तयार होतील. मुले पत्ते खेळत असतील तर रागावू नका. जवळ बसा आणि एवढेच विचारा, ‘यावर काय लिहिले आहे रे?’