कोर्लईचा गड आणि गडाखालची बोली



किल्ल्यावर बोलायला उभे राहिले की वक्त्याने तलवार उपसलीच पाहिजे, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. आमचे आयुष्य मोंढ्यातल्या हमालांत आणि ऊसतोडणीच्या टोळ्यांत गेले. शाळा फारशी लाभली नाही. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, दिवसाचे काम उरकल्यावर. त्यामुळे किल्ला दिसला की आम्हांला दोन साधे प्रश्न पडतात. हा दगड वर कोणी वाहून नेला? आणि राजे गेल्यावर त्या वाहणाऱ्यांचे काय झाले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शिलालेखात सापडत नाही. दुसऱ्याचे उत्तर निदान एका ठिकाणी तरी अजून कानांनी ऐकता येते. आज त्याच ठिकाणाविषयी बोलायचे आहे.

आपण जळकोटकर उदगीरचा, कंधारचा, औशाचा किल्ला पाहत आलो. हे भुईकोट, भोवती खंदक. कोर्लईचा गड निराळा आहे. रायगड जिल्ह्यात, अलिबागहून मुरुडकडे जाताना रेवदंड्यापाशी कुंडलिका नदी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या दक्षिण काठावर एक लांबट डोंगर थेट पाण्यात घुसला आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, आणि जमिनीशी जोडणारी तेवढी एक चिंचोळी पट्टी. ह्या डोंगराच्या माथ्यावर गड आहे. लांबी सुमारे नऊशे मीटर, रुंदी मात्र सरासरी तीस मीटरांच्या आतबाहेर. आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे पाडले आहेत, म्हणजे शत्रू एका दरवाजातून आत आला तरी पुढचा दरवाजा बंदच. आज तटावर झुडपे माजली आहेत, देवळाचे म्हणजे ख्रिस्ती मंदिराचे छप्पर उडाले आहे, आणि तोफा वाऱ्यापावसात पडून आहेत.

हा गड झाला कशासाठी? समोरच्या चौल बंदराच्या व्यापारासाठी. 1521 साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्यास आपले ठाणे उभारायला घेतले. (हा निजामशहा अहमदनगरचा, हैदराबादचे निजाम पुष्कळ नंतरचे.) पुढे दोघांचे बिनसले. 1594 साली दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने समोरचा कोर्लईचा डोंगर तटबंदीने बळकट करायला घेतला. तेथे तोफा चढल्या तर आपले बंदर गेलेच, हे ओळखून पोर्तुगीजांनी त्याच वर्षी मोठी लढाई करून तो घेतला. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि 1740 च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. 1818 नंतर इंग्रज आले. पोर्तुगीजांनी बुरुजांना आपल्या संतांची नावे दिली होती. मराठी अमलात काहींची नावे बदलली. धनी बदलला की वरची पाटी बदलते, हा न्याय कारखान्यालाही लागू आहे आणि किल्ल्यालाही.

आता डोंगराच्या पायथ्याशी या. तेथे कोर्लई गाव आहे, आणि गावात ख्रिस्ती वस्ती. शिबंदीतले पोर्तुगीज शिपाई, त्यांच्या घरांतून राबणारी माणसे, बाटून ख्रिस्ती झालेले इथलेच गरीब लोक, ह्या सर्वांचे ते वंशज. 1740 साली कप्तान गेले, अधिकारी गेले; ही माणसे राहिली. आणि त्यांच्याबरोबर राहिली त्यांची बोली. ते तिला क्रिस्ती म्हणतात, किंवा 'नोलिंग' म्हणतात. नोलिंग म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी. लिस्बनचा मनुष्य क्रियापद आधी आणि कर्म मागून घालतो. कोर्लईचा मनुष्य आपल्यासारखे क्रियापद शेवटी ठेवतो. बोलणारे असतील हजाराच्या आसपास. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्या अमेरिकन अभ्यासकाने ह्या बोलीवर 1996 साली अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ही बोली टिकली कशी? तिला दरबार नव्हता, छापखाना नव्हता, शाळा नव्हती. पोर्तुगीज निघून गेल्यामुळे तिकडचा धागा तुटला, आणि जातिधर्माच्या भिंतीमुळे शेजारच्या गावाशी सोयरीक जुळली नाही. अशा दुहेरी कोंडीत ती चुलीपाशी आणि पाळण्यापाशी जगली. ह्या कोंडीचे कौतुक करावे असे आम्ही म्हणत नाही. भिंत ती भिंतच. परंतु दगडी तट ढासळला आणि आयांच्या तोंडची बोली अडीचशेहून अधिक वर्षे उभी राहिली, एवढे खरे. मात्र आता मुले मराठी शाळेत जातात, तरुण पोटासाठी मुंबई गाठतात, आणि तिचे पुढे काय होणार ही काळजी गावालाच आहे.

आपण मराठवाड्याच्या माणसांनी हे चटकन ओळखावे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आपल्या कचेरीची भाषा उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतून होते. उर्दूचा आम्हांला राग नाही. हमाल, दलाल, हिशेब हे आमच्या मोंढ्याचे शब्द अरबी-फारसीतूनच आले. पण त्या काळात मराठी राखली ती जात्यावर आणि शेतावर. 2024 च्या ऑक्टोबरात तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या बायाबापड्यांचे नाव कोणी घेतले नाही.

आणि आता आपल्या दाराशी पाहा. जळकोटच्या आसपासच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. हे लमाण एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख ओलांडीत. फौजा त्यांच्या धान्यावर पोसल्या जात. किल्ल्यांच्या इतिहासात त्यांना ओळभर जागा मिळते. त्यांच्या भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत अजून स्थान नाही, आणि शाळेत त्यांचे मूल घरचा शब्द बोलले तर वर्ग हसतो.

टोळ्यांच्या बैठकांत आम्ही एक गोष्ट पाहिली आहे. मराठीत भाषण चालू असले की तांड्यावरच्या बाया पदर सावरून गप्प बसतात. त्यांच्यातलाच कोणी गोरमाटीत विचारू लागला, की उचल किती घेतली, किती टन तोडले, मुकादमाने किती कापले, सारा हिशेब तोंडपाठ बाहेर येतो. ज्या भाषेत मनुष्य आपल्या मजुरीचा हिशेब मागू शकतो, ती त्याची भाषा. ती काढून घेतली की त्याला मुका केला.

म्हणून मागणे थोडे आहे. शिक्षकांनी तांड्यावरच्या मुलाचा शब्द खोडण्याआधी त्याचा अर्थ विचारावा. ग्रामसभेतला ठराव आणि टोळीचा करार गोरमाटीतही वाचून दाखवावा. आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी तांड्यावरच्या म्हाताऱ्यांपाशी बसून त्यांचे शब्द वहीत उतरवून घ्यावेत. गडाच्या डागडुजीला सरकार लागते, पैसा लागतो. ह्या डागडुजीला एक वही आणि ऐकून घेणारा कान पुरतो.