गोल झाला की आपणही ओरडू या

सूरजागडच्या रस्त्यावरून लोहखनिजाचे ट्रक धडधडत जातात, तो आवाज आपण रोज सोसतो. पण घरात मॅच बघताना एखादी बाई "गोल!" म्हणून ओरडली, की लगेच ऐकू येतं, "हळू गं!"

५ जुलै २०२५ ला आपल्या महिला फुटबॉल संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आपला संघ पहिल्यांदाच आशिया चषकात पोचला. अशा गोलाला नाही ओरडायचं, तर कशाला?

आम्हा गटातल्या बायांची खरी अडचण चुलीची आहे. गोल होतो तेव्हा आम्ही चुलीपाशी. बाहेर गलका झाला, की आतून विचारतो, "काय झालं?"

मॅच ४५-४५ मिनिटांची, मध्ये १५ मिनिटांची सुट्टी. भात-भाजी आधीच करून ठेवू. सुट्टीत ताटं घरातल्या पुरुषांनी वाढावीत.

शेजारी कोणी आजारी असेल, तान्हं बाळ असेल, तर नुसत्या टाळ्या वाजवू. एरवी मोकळ्या गळ्याने ओरडू. आईला गोलासाठी उड्या मारताना बघितलेली पोरगी उद्या "मी खेळायला जाते" म्हणायला घाबरणार नाही. जोहार!