कचऱ्याचा तिसरा डबा

कोल्हापूर शहरातला कचरा कसबा बावड्याच्या झूम कचरा प्रकल्पावर जातो. ओल्यात सुका मिसळून आला, की खत नीट होत नाही. असा कचरा ढिगात कुजताना मिथेन वायू तयार होतो आणि आग लागू शकते.

म्हणून डबे वेगळे ठेवा. ओल्या डब्यात भाजीची देठं, खरकटं, तांबड्या रश्श्यातली हाडंसुद्धा. सुक्यात कागद, पुठ्ठा, पत्रा आणि विसळून वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तिसरा वर्गही सांगितला, घातक कचऱ्याचा. संपलेले सेल, मुदत उलटलेली औषधं, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, तुटलेला थर्मामीटर हे सगळं त्यात. औषधं मोरीत ओतू नका. ती सांडपाण्यावाटे पंचगंगा नदीपर्यंत पोहोचू शकतात. सीएफएल दिव्यात पारा असतो. दिवा फुटलाच, तर खिडक्या उघडा, झाडू न मारता पुठ्ठ्यानं तुकडे उचला आणि बंद बरणीत ठेवा. इंजेक्शनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात भरा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या.

आपण फेकलेली सुई कचरा नेणाऱ्या टिपरवरच्या कामगाराच्या हाताला लागते. म्हणून कचऱ्याचे भाग घरातच करा आणि वेगवेगळेच त्याच्याकडे सोपवा.