अनुभवास शिक्षणाची जोड

(वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतील मुली व सुना आज परिचारिकेच्या व्यवसायात आहेत, आणि त्यांतील काही अमेरिकेत स्थायिक होऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या पदास पोहोचल्या आहेत. ‘एवढे शिकली, नोकरीही चांगली आहे, मग चाळिशीत पुन्हा हे प्रमाणपत्र कशासाठी?’ असा प्रश्न त्यांच्या घरची मंडळी आम्हांस वारंवार विचारतात. आम्ही परिचर्या-शिक्षणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ वावरत असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर नीट देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम हे पद कोणते ते पाहू. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ह्या परिचारिकेने व डॉ. हेन्री सिल्व्हर ह्या बालरोगतज्ज्ञाने मिळून अनुभवी परिचारिकांस अधिक शिक्षण देण्याचा उपक्रम आरंभिला. जेथे डॉक्टरांची वाण होती तेथील मुलांस आरोग्यसेवा मिळावी हा त्यामागील हेतू होता. त्यातूनच नर्स प्रॅक्टिशनर हे पद उदयास आले. अशी परिचारिका रुग्णास तपासते, रोगनिदान करते आणि त्या त्या राज्याच्या कायद्याच्या मर्यादेत औषधेही लिहून देते. आज यासाठी परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात.

हे काम आरंभी दवाखान्यातले होते. पुढे ते रुग्णालयात शिरले. १९९५ पासून तीव्र आजाराच्या शुश्रूषेसाठी, म्हणजे ‘अॅक्यूट केअर’साठी, स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. २००३ साली तेथील शिकाऊ डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्यास सरासरी ८० पर्यंत मर्यादित करण्यात आले, तेव्हा रुग्णालयांतील रिकामी जागा भरून काढण्यास नर्स प्रॅक्टिशनरांची मागणी वाढली. दवाखान्यातील रुग्णांसाठी शिकलेल्या पुष्कळ भगिनी अशा रीतीने अतिदक्षता विभागात व हृदयरोग विभागात कामास लागल्या.

येथेच पेच उत्पन्न झाला. २००८ साली तेथील परिचर्या-संस्थांनी एकमताने जो आराखडा मान्य केला, त्यात शिक्षण, परीक्षा व परवाना ही एकमेकांस जुळलेली असावीत असे ठरले. प्रौढांच्या व मुलांच्या शुश्रूषेत ‘प्राथमिक’ व ‘तीव्र’ असे दोन मार्ग वेगळे झाले. परिचारिकेच्या कामाची मर्यादा इमारतीवरून नव्हे, तर रुग्णाच्या अवस्थेवरून ठरते, हे त्या आराखड्याचे मर्म आहे. हृदयविकाराचा जो रुग्ण स्वतःच्या पायांनी तपासणीस येतो, त्यास कुटुंबसेवेची परिचारिका पाहू शकते. परंतु तोच रुग्ण उद्या कृत्रिम श्वासयंत्रावर गेला, त्याचा रक्तदाब क्षणाक्षणाला ढळू लागला, तर त्याचे उपचार ठरविणे हे तिच्या शिक्षणाच्या कक्षेबाहेर जाते. मग तिने त्या विभागात दहा वर्षे काढलेली का असेनात! राज्याराज्यांतील कायदे कमीअधिक कडक आहेत. तथापि रुग्णालये आता कागदपत्रांची छाननी करतात आणि नोकरीवर गदा येण्याची भीती खरी आहे.

‘अनुभव हाच गुरू’ असे आपण म्हणतो. ते खोटे नव्हे. परंतु हा गुरू जे समोर येते तेवढेच शिकवितो. जो विकार वर्षातून एकदाच दिसतो, त्याची परीक्षा घेण्यास तो थांबत नाही. अनुभवातील अशा फटी बुजविणे हे शिक्षणाचे कार्य होय. म्हणून आम्ही ह्या प्रमाणपत्रास केवळ कागद समजत नाही. ज्या रुग्णास स्वतःची निवड करण्याची शुद्धही उरलेली नाही, त्यास दिलेले ते वचन आहे.

हे शिक्षण ‘ऑनलाइन’ कसे, हा दुसरा प्रश्न. व्याख्याने, वाचन व चाचण्या संगणकावरून घरबसल्या होतात, एवढाच याचा अर्थ. पूर्वी पदव्युत्तर पदवी घेतलेली असल्याने विद्यापीठ तिच्या जुन्या अभ्यासाची तुलना नव्या अभ्यासक्रमाशी करते आणि जे उणे असेल तेच शिकविते. त्यामुळे संपूर्ण पदवी पुन्हा करावी लागत नाही. परंतु हाताचे काम संगणक शिकवू शकत नाही. श्वासनलिकेत नळी घालणे, मोठ्या शिरेत नलिका बसविणे अशा क्रिया शिकण्यासाठी अनेक विद्यापीठे विद्यार्थिनींस काही दिवस प्रत्यक्ष बोलावून घेतात. शिवाय रुग्णालयात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली शेकडो तास काम करावे लागते. किमान ५०० तासांचा दंडक पूर्वी रूढ होता. २०२२ च्या राष्ट्रीय मानदंडांनी नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणासाठी तो ७५० वर नेला. पूर्वीच्या शिक्षणाबद्दल काही सवलत मिळू शकते, तरी तीव्र आजाराच्या रुग्णांपाशी राहून शिकणे चुकत नाही.

प्रवेशापूर्वी चार गोष्टींची चौकशी अवश्य करावी. अभ्यासक्रमास अधिकृत मान्यता आहे काय? आपण राहतो त्या राज्यातील विद्यार्थिनींस ते विद्यापीठ घेते काय? तेथे शिकून कोणत्या राष्ट्रीय परीक्षेस बसता येते? आणि मार्गदर्शक विद्यापीठ शोधून देते, की विद्यार्थिनीने स्वतः शोधावयाचा असतो? शेवटच्या प्रश्नाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते, आणि शुल्क भरल्यावर मार्गदर्शकाअभावी महिनेच्या महिने वाया जातात. काही रुग्णालये शुल्काचा वाटा उचलतात. पण बदल्यात किती वर्षे सेवा बांधून घेतात, हेही वाचून पाहावे.

येथील पालकांस एक इशारा देणे अगत्याचे आहे. हे प्रमाणपत्र अमेरिकेतील परवाना व नर्स प्रॅक्टिशनरचे पूर्वशिक्षण यांवर उभे असते. येथील पदविका किंवा बी. एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीस ते थेट घेता येत नाही, आणि भारतात त्याच्या बळावर औषधोपचाराचे अधिकार मिळत नाहीत. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१६ च्या सुमारास अतिदक्षता-शुश्रूषेसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम सुरू केला. त्याचा बहुतांश वेळ रुग्णशय्येपाशीच जातो. येथे राहणाऱ्या मुलींनी त्याचा विचार करावा.

आता संस्थेस एक विनंती. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचे कार्य हाती घेतले आणि परिचर्येच्या शिक्षणाची वाट आपल्या स्त्रियांस मोकळी केली, तेव्हा हा व्यवसाय कुलीन घरांस शोभणारा नाही अशी पुष्कळांची समजूत होती. ती समजूत आता मावळली. परंतु शिक्षण हे विशीतच आटोपावयाचे, ही समजूत अद्याप घरोघरी आहे. आपला शिष्यवृत्ती-निधी पहिल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपुरताच का असावा? नोकरी, मुले व वृद्ध सासूसासरे सांभाळून रात्री दहानंतर पुस्तक उघडणाऱ्या भगिनीसाठी त्यातून बिनव्याजी कर्जाची सोय व्हावी, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

आणि पैशाहून मोठी मदत घरातच आहे. त्या वर्ष-दीड वर्षात स्वयंपाक, मुलांचे अभ्यास व सणवार यांचा भार पतीने व इतरांनी वाटून घ्यावा. ‘आता कशाला हा व्याप?’ हे वाक्य तेवढा काळ घरात कोणी उच्चारू नये. रात्रीच्या प्रहरी कोणा परक्याचा श्वास अडखळेल, तेव्हा त्याच्या उशाशी आपल्या घरची लेक पूर्ण अधिकाराने व पूर्ण ज्ञानाने उभी असावी, ह्यात तिच्याइतकेच श्रेय त्या घराचेही आहे.