थेंबाचा माग

जुन्या मोटारगाडीच्या मालकाला दोन प्रकारच्या गृहस्थांना नेहमी तोंड द्यावे लागते. पहिला, ‘अजून चालते का हो ही?’ असे विचारणारा. आणि दुसरा, गाडी उभी होती त्या जागेकडे बोट दाखवून ‘तेल गळतंय वाटतं’ असे सांगणारा. पहिल्याला हसून उत्तर देता येते. दुसऱ्याचे म्हणणे मात्र बहुधा खरे असते. फरशीवर रुपयाएवढा काळा डाग पडलेला असतो, आणि तो नाकारण्याची सोय नसते.

आज मी बोलणार आहे तो या डागाविषयी. उदाहरणादाखल मी अँबॅसडर गाडी घेतो. देशाच्या ज्या कोपऱ्यात मराठी श्रोता असेल, तिथे त्याने ही गाडी पाहिली असेलच. आणि सरकारी नोकरीत असलेल्या माझ्यासारख्याला तर ती आप्तेष्टांपैकीच वाटते. हुगळीच्या काठी उत्तरपाडा येथील कारखान्यात ती १९५०-६० या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ सालापर्यंत तयार होत होती. तिचा मूळ साचा इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचा. आणि कित्येक वर्षे तिच्यात बसविले जाणारे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल एंजिनही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले. पुढे तिच्यात निराळी एंजिनेही आली. मी बोलतो आहे ते या जुन्या एंजिनाविषयी.

‘चार थेंब गळले तर काय बिघडले?’ असे कोणी म्हणेल. या एंजिनात तेल मावते चार लिटरांच्या आसपास. फिरणारा क्रँक आणि त्याची बेअरिंगे यांच्यामध्ये जो तेलाचा पातळ पापुद्रा असतो, त्याच्यावरच एंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण काटकसरीच्या उपदेशासाठी वापरतो. इथे तळे साचते ते फरशीवर, आणि आटते ते एंजिनात. शिवाय हे तेल क्लचच्या पट्ट्यांवर गेले, की क्लच घसरू लागतो. सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडले, की धूर येतो आणि आगीचे भय निर्माण होते. रस्त्यावर पडलेल्या तेलावर पहिल्या पावसाची सर आली, की मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो, आणि त्याला आपले नावही ठाऊक नसते. तेव्हा गळती ही केवळ मालकाची खासगी अडचण नव्हे.

गळतीचा शोध सुरू होतो, तिथेच पहिला घोटाळा होतो. जिथे थेंब पडतो तिथेच तेल गळते, अशी आपली सहज समजूत असते. आणि जुन्या एंजिनात ती बहुधा चुकीची ठरते. तेल एका ठिकाणी बाहेर पडते, एंजिनाच्या अंगावरून ओघळते, एखाद्या कडेवर विसावते आणि हातभर दूर जाऊन खाली टपकते. त्याला दोन शक्ती ढकलीत असतात. गुरुत्वाकर्षण खाली नेते, आणि पंख्याचा व धावत्या गाडीचा वारा मागे नेतो. म्हणून गळतीचे मूळ थेंबाच्या वर आणि थेंबाच्या पुढे शोधावे, हा या विद्येतला पहिला नियम. तो विसरला, की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे क्लच हाउसिंगखालचा थेंब. एंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशी, अगदी तळाला, या जातीच्या एंजिनांत एक लहानसे भोक ठेवलेले असते व त्यात एक कॉटर पिन सैलसर लोंबकळत असते. गाडीच्या हादऱ्यांनी ती हलत राहावी, भोक बुजू नये आणि आत आलेले तेल क्लचवर न साचता बाहेर पडावे, अशी ती साधी युक्ती आहे. त्या पिनेवरून थेंब पडताना दिसला, की निकाल ठरलेला असतो: ‘साहेब, मागचं सील गेलं. एंजिन उतरवावं लागेल.’

आता गंमत अशी, की या एंजिनात मागच्या बाजूला आजच्या अर्थाने रबराचे सील नसतेच. क्रँकच्या मागच्या टोकाला स्क्रूच्या आट्यांसारखी एक सर्पिल खाच कोरलेली असते. क्रँक फिरू लागला, की ही खाच बाहेर येऊ पाहणारे तेल परत आत लोटते. तिचा धातू भोवतालच्या कड्याला टेकत नाही. मध्ये बारीक फट असते. म्हणजे ही रखवाली एंजिन चालू असेपर्यंतचीच. गाडी चढावर तोंड वर करून उभी केली, किंवा तेल खुणेच्या वर भरले, तर धडधाकट एंजिनातूनही तिथून काही थेंब पाझरतात. तो रोग नव्हे. तो त्या रचनेचा स्वभाव आहे.

आणि त्या भोकातून येणारे तेल क्रँकचेच असते असेही नाही. एंजिनाच्या माथ्यावरचे झाकण, ज्याला आपले मिस्त्री टॅपेट कव्हर म्हणतात, त्याचे मागच्या बाजूचे पॅकिंग सुटले असेल, तर तेल हेडच्या पाठीवरून ओघळत सरळ हाउसिंगवर उतरते. कुशीतल्या झाकणांचेही तसेच. मॅनिफोल्डच्या खाली, सहजी नजर पोहोचणार नाही अशा ठिकाणी, या एंजिनाला दोन लहान पत्र्याची झाकणे असतात; त्यांची बुचाची पॅकिंगे उष्णतेने वाळतात, आकसतात आणि भेगाळतात. गिअरबॉक्सचे तेलही पुढे येऊन त्याच भोकातून पडू शकते. चार घरांचे सांडपाणी एकाच मोरीतून बाहेर यावे आणि दंड मात्र मोरीलगतच्या घराला व्हावा, तसा हा न्याय आहे.

माझ्या परिचयाच्या एका वयस्कर गृहस्थांवर हा प्रसंग आला होता. त्यांना एंजिन उतरविण्याचा खर्च सांगण्यात आला. तो त्यांच्या निवृत्तिवेतनाला झेपणारा नव्हता, आणि पंचेचाळीस वर्षे घरात असलेली गाडी भंगारात देण्याची बोलणीही सुरू झाली. सुदैवाने एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मध्ये पडून, ‘आधी धुऊन तर बघू’ असे म्हटले. दोष निघाला तो कुशीतल्या मागच्या झाकणात. बुचाचे एक पॅकिंग आणि एक दुपार, एवढ्यावर काम भागले. निदान चुकले असते, तर जी गोष्ट गेली असती ती पुन्हा कोणत्याही बाजारात मिळाली नसती.

‘आधी धुऊन बघू’ या तीन शब्दांतच खरी पद्धत सामावलेली आहे. तेलाने व धुळीने माखलेल्या एंजिनावर ताजी गळती ओळखता येणे अशक्य. म्हणून एंजिन पूर्ण थंड करून, बॅटरीची तार सोडून, मोकळ्या जागेत रॉकेल आणि ब्रश घेऊन ते स्वच्छ करावे व चिंध्यांनी कोरडे करावे. रॉकेल पूर्ण उडून जाईपर्यंत एंजिन सुरू करू नये. आणि गाडीखाली जावयाचे असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये, लोखंडी घोडी लावूनच जावे. मग सांध्यांवर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरावी. एंजिन चांगले तापेपर्यंत थोडी फेरी मारून आणावी व विजेरी घेऊन पाहावे. पांढऱ्या पुडीवर तेलाची काळसर रेघ उमटलेली असते. ती रेघ खालून वर वाचीत जावी. जिथे ती संपते, म्हणजे खरे तर सुरू होते, तिथे गळतीचे मूळ असते. हल्ली तेलात मिसळावयाचा एक रंगही मिळतो. अतिनील प्रकाशाच्या विजेरीखाली तो चमकतो. साधन नवे आहे, तत्त्व तेच.

रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा पसरावा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीने आखाव्यात. सकाळी डाग मोजावेत. त्यांचे स्थान, रंग आणि वास या तिन्ही गोष्टी बोलतात. एंजिनाचे तेल वापराने काळे होते. गिअरबॉक्सचे तेल त्या मानाने मधासारखे राहते. मागच्या डिफरन्शियलच्या तेलाला गंधकाचा उग्र दर्प असतो. तेल केवळ एंजिन चालू असताना येते, की उभ्या गाडीतूनही, हेही पाहावे. चालू असतानाच जोराने येत असेल, तर दाबाखालच्या मार्गावर संशय घ्यावा: तेलाच्या फिल्टरचा सांधा, किंवा दाब दाखविणाऱ्या घड्याळाकडे जाणारी बारीक नळी. उभ्या गाडीतून सावकाश ठिबकत असेल, तर चेंबरचे पॅकिंग किंवा त्याचा बूच.

सांधा सापडला म्हणजे शोध संपला, असे मात्र समजू नये. तेल तिथून बाहेर का आले, हा प्रश्न राहतोच. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरकडे उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी एंजिनाला श्वासनलिका दिलेली असते. या जुन्या एंजिनांत ती कुशीतल्या पुढच्या झाकणातून निघते. ती काजळीने आणि चिकट गाळाने बुजली, की आत दाब वाढतो, आणि तो दाब जो सांधा दुबळा असेल त्यातून तेल बाहेर रेटतो. अशा वेळी पॅकिंग बदलले, की आठवड्याभरात दुसरा सांधा गळू लागतो. मग मालक पॅकिंगला दोष देतो, मिस्त्री सुट्या भागांच्या दुकानदाराला देतो, आणि नळी तशीच बुजलेली राहते. एंजिन संथ चालू ठेवून तेल भरावयाच्या तोंडावर कागदाचा कपटा धरावा. तो किंचित थरथरला तर हरकत नाही. सारखा उडू लागला, तर प्रथम नळी साफ करावी. तरीही उडत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. मग तो प्रश्न गळतीचा नसून एंजिनाच्या वयाचा असतो.

दुरुस्तीत जोरापेक्षा संयम अधिक उपयोगी पडतो. गळणारा बोल्ट अधिक आवळावा, ही पहिली ऊर्मी होते आणि तीच घातक ठरते. कुशीतले झाकण एकाच मध्यावरच्या बोल्टने धरलेले असते. तो अति आवळला, की पत्रा मध्ये दबतो, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. झाकण काढून, त्याची कड सपाट ठोकळ्यावर हलक्या हातोडीने सरळ करावी; जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढावा; नवे पॅकिंग सारखे बसवून बेताने आवळावे, आणि एंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा पाहावे. चेंबरच्या बुचाखालचे तांब्याचे वॉशर वापराने कडक होते. ते लाल होईपर्यंत तापवून थंड केले, की पुन्हा मऊ होते. पुढच्या टायमिंग कव्हरचे सील बदलताना पुली आधी सीलमध्ये बसवावी आणि मगच कव्हरचे बोल्ट आवळावेत, म्हणजे सील क्रँकशी समकेंद्र राहते. हा क्रम उलटला, तर नवे सीलही एका बाजूने झिजून गळते.

बाजारात गळती थांबविणारी औषधेही मिळतात. ती रबराला थोडे फुगवितात. वाळलेल्या बुचाला किंवा वाकलेल्या पत्र्याला त्यांचा काही उपयोग नाही. त्याचप्रमाणे आधुनिक गाड्यांचे अतिशय पातळ तेल या एंजिनात घालू नये. ज्या फटी गृहीत धरून ते घडविले गेले, त्यांना जाड तेलच मानवते.

इतके करूनही एखादा थेंब राहील. त्याचे मोजमाप ठेवावे. दर पंधरवड्याला तेलाची पट्टी पाहून वहीत नोंद केली, की थेंब स्थिर आहे की वाढतो आहे हे कळते. स्थिर असेल तर खाली ताटली ठेवून समाधान मानावे. ताटलीत जमलेले तेल मात्र गटारात ओतू नये; २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, आणि ते अधिकृत संकलकाकडे देणे हेच योग्य.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. कागदोपत्री त्यांना मान मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु अशी गाडी टिकते ती कागदावर नव्हे. तिच्या कुशीतली झाकणे कुठे आहेत हे ज्यांच्या बोटांना ठाऊक आहे, अशा मिस्त्रींची पिढी आता थकत चालली आहे, आणि त्यांची विद्या कुठल्या पुस्तकात बांधलेली नाही. आपल्या गावात असा कोणी असेल, तर तरुण मुलांनी एखादी दुपार त्याच्यापाशी बसून काढावी. गाडी दुरुस्त करणे तर ती शिकतीलच. शिवाय समोर दिसणाऱ्या डागावर निकाल देण्याची घाई न करता, आधी सारे धुऊन, रेघ उलटी वाचीत मुळापर्यंत जाण्याची सवयही त्यांना लागेल. आमच्या कचेऱ्यांतही तक्रारीचा थेंब बहुधा सर्वांत खालच्या मेजावर पडतो, आणि चौकशी तिथेच संपते. वरची झाकणे उघडून पाहण्याचे कष्ट घेणारी माणसे तिथेही हवीच आहेत.